मिठाचं मैदान पाहायचं तर काठापासून चालत जा

मिठाच्या मैदानावर पोचलं की बहुतेक जण गाडी थेट आत घालतात, पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यात फोटो काढतात आणि परततात. माझा आग्रह असा की गाडी काठाबाहेर पक्क्या जमिनीवर ठेवा आणि चालत आत जा. हे मैदान कसं घडलं, ते सगळ्यांत चांगलं काठावरच कळतं.

अशी मैदानं बहुधा बंदिस्त खोलगट भागात तयार होतात. ओढे खडकांतले क्षार विरघळवून आणतात, पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, ऊन पाणी आटवतं आणि क्षार तिथेच राहतात. बोलिव्हियातलं सालार दे उयुनी हे जुनी सरोवरं आटून झालं. 10,000 चौरस किलोमीटरहून मोठं, आणि तेही सुमारे 3,650 मीटर उंचीवर! कच्छच्या रणाचं तसं नाही. तिथे पूर्वी समुद्राचा फाटा होता, तो गाळाने भरत गेला. पावसाळ्यात अजूनही पाणी साचतं आणि पुढे आटतं.

पाणी आटताना सगळे क्षार एकदम बसत नाहीत. कमी विरघळणारे आधी, म्हणजे चुन्याचे क्षार, मग जिप्सम, आणि त्यानंतर मीठ. बऱ्याच ठिकाणी काठाकडून आत जाताना हेच पट्टे क्रमाने लागतात. सोबत भिंग ठेवा आणि चक्क गुडघ्यांवर बसा. नखाने ओरखडा उठला आणि कण चौकोनी नसले, तर ते जिप्सम असण्याची शक्यता जास्त. मिठाचे कण घनाकृती असतात. काहींच्या बाजू मधोमध पायऱ्यापायऱ्यांनी खोलगट झालेल्या दिसतात, कारण कडा भराभर वाढतात आणि मधला भाग मागे पडतो. मी तर यातच तासन्‌तास रमते.

आणखी आत एक-दोन मीटर रुंदीचे बहुकोन दिसतील, बरेचसे षटकोनी. चिखल सुकून भेगा पडाव्यात तसे ते वाटतात, पण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यांचं कारण जमिनीखालच्या पाण्यात दाखवलं. वरचं पाणी आटून जास्त खारट आणि जड होतं, खाली उतरतं. कमी खारट पाणी वर येतं. जड पाणी जिथे उतरतं, त्या रेषांवर मीठ जास्त साचतं आणि वरंबे उठतात. ते तुडवू नका.

बहुकोन पाहायचे तर कोरड्या ऋतूच्या शेवटी, सकाळी लवकर जा; तिरप्या उन्हात वरंब्यांच्या सावल्या पडतात. पाऊस नुकताच झाला असेल तर आत शिरूच नका. काठाजवळची खपली पातळ असते आणि खाली चिखल असतो. ऊन खालूनही परावर्तित होतं, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांभोवतीही सनस्क्रीन लावा. गडद गॉगल आणि भरपूर पाणी हवंच. आत खूण धरायला काही नसतं, त्यात मृगजळ फसवतं. तेव्हा निघतानाच गाडीची जागा फोनच्या नकाशात साठवून ठेवा. परतल्यावर बूट गोड्या पाण्याने धुवा, गाडीला मीठ लागलं असेल तर तिचा खालचा भागही.