व्हिक्टोरियन खेड्यातली ब्लॅकबेरी: लिहिताना, भाषांतर करताना या चुका टाळा

भाषांतराच्या हस्तलिखितात ब्लॅकबेरीच्या जागी ‘काळ्या तुती’ दिसल्या की माझी पेन्सिल थांबते. एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंडचं खेडं, सप्टेंबर महिना, शेतमजुराची पोरं, आणि ती तोडतायत तुती! तुतीचं असतं झाड, आणि तिथे ते बहुतेक बड्या घराच्या भिंतीआडच्या बागेत असायचं. म्हणजे भाषांतरकाराने एका शब्दात त्या पोरांना जमीनदाराकडे चोरी करायला धाडलं. बिचारी रस्त्याकडेच्या कुंपणाशी उभी होती.

‘करवंदं’ लिहिण्याचा मोह मला कळतो. काटे आहेत, फुकटचा रानमेवा आहे, हात-तोंड रंगतं. पण करवंद म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे वैशाखातलं ऊन, बोटांना चिकटणारा चीक आणि पानाचा द्रोण येतो. ब्लॅकबेरीला चीक नसतो आणि ती पिकते ऑगस्टच्या शेवटी, गव्हाची कापणी उरकत आलेली असताना. सरळ ‘ब्लॅकबेरी’ लिहा. त्या नावाचा फोन आता विसरलेत लोक. झुडपाला मात्र ‘ब्रॅम्बल’ म्हणा. हे झुडूप कुणी हौसेने लावत नसे. शेतांच्या वाटण्या झाल्या, हॉथॉर्न या काटेरी झुडपाची कुंपणं लावली गेली, आणि पाखरांनी टाकलेल्या बियांतून ब्रॅम्बल त्यांत आपोआप घुसलं.

‘सगळं कुंपण काळ्याभोर फळांनी लगडलं होतं’ हे वाक्यही मी खोडते. एकाच घोसात हिरवी, लाल आणि काळी फळं एकदम असतात. टोकाचं फळ आधी पिकतं आणि बहुधा तेच सगळ्यांत गोड. फळ म्हणजे पिटुकल्या रसाळ मण्यांचा गुच्छ. तोडलं की मधला पांढुरका गाभा फळाबरोबरच येतो. रास्पबेरीचा गाभा देठावर राहतो आणि हातात पोकळ टोपी येते. लेखिकेने ‘आतून पोकळ ब्लॅकबेरी’ लिहिलं असेल तर तिने बाजारातली रास्पबेरी बघितली आहे. आणि इंटरनेटवरच्या अंगठ्याएवढ्या फळांच्या फोटोंवरून वर्णन करू नका. त्यांतली बरीच ‘हिमालयन जायंट’ या जातीची असतात. लूथर बरबँक या अमेरिकी रोपतज्ज्ञाने ती १८८५ मध्ये बाजारात आणली, भारतातून आलेल्या बियांपासून. पण झुडूप मूळचं आर्मेनिया-इराणकडचं. १८५० च्या खेड्यात ते कुठून येणार?

सर्वांत जास्त घोळ होतो तारखांचा. २९ सप्टेंबरला मायकेलमस, म्हणजे देवदूत मायकेलचा ख्रिस्ती सण. त्यानंतर ब्लॅकबेरी खायची नाही, असा समज गावोगाव होता. मायकेलने स्वर्गातून हाकललेला सैतान म्हणे थेट ब्रॅम्बलवर आदळला आणि रागाने दरवर्षी त्या दिवशी फळांवर थुंकतो. (थुंकण्यापेक्षा वाईटही करतो, पण ते शहरी पुस्तकांत छापत नसत.) १७५२ मध्ये कॅलेंडर बदलून अकरा दिवस गळाले, त्यामुळे काही गावं जुना हिशेब धरून १० ऑक्टोबरपर्यंत मुभा देत. समजाच्या मुळाशी अनुभव होता: थंडी-दव वाढलं की फळावर करडी बुरशी धरते, माश्या बसतात, चव पाणचट होते. तेव्हा ऑक्टोबरअखेरीस गावातल्याच आजीच्या हातात भरलेली टोपली देऊ नका. एखाद्या परगावच्या पाहुण्याच्या हातात मात्र जरूर द्या, प्रसंग रंगेल.

टोपली म्हणजे सहल, हा पुढचा गैरसमज. बड्या घरच्या मुलींसाठी ती सहल होतीही. पण शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या दक्षिणेकडे बापाची मजुरी आठवड्याला १०-१५ शिलिंग असली की पोरांनी विकलेल्या फळांच्या चार पेन्या बुटांच्या खर्चाला लागत. १८६२ पासून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांना रोजनोंद ठेवावी लागे आणि अनुदान हजेरीवरही ठरे. त्या नोंदवह्यांत सप्टेंबर आला की मास्तरांची कुरकुर सुरू: मुलं ब्लॅकबेरी तोडायला गेली, वर्ग रिकामा. १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली तरी ही कुरकुर संपली नाही.

आता जॅम. १८४० च्या झोपडीत फळीवर जॅमच्या बरण्यांची रांग दिसली की मी समासात एकच शब्द लिहिते: साखर? साखरेवरचा कर १८७४ मध्ये पूर्ण उठला, त्यानंतर स्वस्त जॅम घरोघर आणि कारखान्यांत होऊ लागला. त्याआधी मजुराच्या घरी ब्लॅकबेरी जायची पुडिंगमध्ये: चरबी घालून मळलेल्या पिठात सफरचंदाच्या फोडींबरोबर बांधायची, फडक्यात गाठोडं करायचं आणि चुलीवरच्या हंड्यात उकळायचं. बऱ्याच घरांत भट्टी नव्हतीच, त्यामुळे ‘ओव्हनमधून खरपूस पाय (पिठाच्या पारीत फळं भरून भाजलेला पदार्थ) काढला’ हेही जपून लिहा.

प्रसंग खरा व्हावा म्हणून काही जण जेली स्वतः करून बघतात आणि ‘सरबतच झालं’ म्हणून फोन करतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: सगळी फळं पूर्ण पिकलेली घेतली, तीही पावसानंतर तोडलेली. पिकलेल्या ब्लॅकबेरीत जेली धरून ठेवणारं पेक्टिन कमी असतं. मूठ-दोन मूठ लाल फळं आणि आंबट रानसफरचंदं घाला. शिजलेला लगदा फडक्यात रात्रभर टांगा, आणि पिळू नका. पिळलं की जेली गढूळ. रसाच्या दर पाइंटला (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) एक पौंड (सुमारे अर्धा किलो) साखर असा जुना हिशेब. गार बशीवर थेंब टाका, बोटाने ढकला. सुरकुती पडली की झाली. डाग पडलेलं फडकं साबणात बुचकळू नका, लाल डाग निळसर होतो. उंचावरून उकळतं पाणी ओता.

फळं संपली की झुडूपही कथेतून गायब होतं, ही शेवटची चूक. ब्रॅम्बलची लांब फांदी वाकून टोकाने जमिनीत मुळं धरते. अशा दोन्हीकडे रुजलेल्या कमानीखालून डांग्या खोकल्याच्या मुलाला, खोकला बरा होईल या समजुतीने, पुन्हा पुन्हा काढत. आणि हिवाळ्यात पुरुष मंडळी याच फांद्या कापून आणत. जाड चामड्यातून ओढून काटे काढायचे, फांदी उभी चिरायची, आतला भेंडासारखा गर खरवडायचा, की चिवट पट्टी तयार. तिने गवताच्या गुंडाळ्या शिवून मधमाश्या पाळायची टोपलीवजा घरं बनवत. सुई म्हणून हंसाच्या तंगडीचं पोकळ हाड. ते गवतात खुपसायचं, त्याच्या पोकळीतून पट्टी पलीकडे सारायची आणि हाड काढून घ्यायचं.