१९४४ सालचे घर पडद्यावर: लघुपटासाठी वेशभूषा कशी करावी

जुन्या काळातल्या घरावर लघुपट करायचा ठरला की मंडळी आधी कपडे भाड्याने देणाऱ्याचे दुकान गाठतात आणि तिथे जे मिळेल ते उचलून आणतात. मग पडद्यावर दळणारी सासू, शाळेतून आलेली मुलगी आणि दारात उभा असलेला कूळ अशी सगळीच माणसे लग्नाला निघाल्यासारखी दिसतात. कपडे मिळाल्यानंतरच वेशभूषेचे खरे काम सुरू होते, असे माझे ठाम मत आहे. कारण तो कपडा त्या माणसाच्या अंगावर वर्षानुवर्षे राहिलेला दिसावा लागतो. पुढे जे सांगितले आहे ते १९४४ सालातले पश्चिम महाराष्ट्रातले एक मध्यमवर्गीय ब्राह्मण घर डोळ्यांसमोर ठेवून सांगितले आहे.

सुरुवात संहितेपासून करावी. एका वहीत प्रत्येक पात्रासाठी एक पान ठेवून कोणत्या प्रसंगात ते पात्र कुठे आहे, दिवस कोणता, वेळ कोणती, हाताशी काम काय आणि मागच्या प्रसंगापासून किती काळ गेला आहे, हे लिहून काढावे. पात्र बदलत असेल तर त्याचे कपडेही कुठे बदलतात, हे याच पानावर ठरते. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह वेशभूषेचे ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटात बॅरिस्टरच्या सुटापासून कमरेच्या पंचापर्यंतचा प्रवास नुसत्या कपड्यांवरून वाचता येतो. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत अंगरखा आणि टोपी सोडली, ही गोष्ट कुणी बोलून न दाखवताही प्रेक्षकाला समजते. आपल्या लघुपटात एवढा पल्ला नसेल, तरी नोकरी गेलेल्या माणसाच्या कोटाचे एक बटण वेगळ्या रंगाचे असणे आपल्या हातात असते.

संदर्भ शोधताना घरातल्या जुन्या फोटोंवर पूर्ण विसंबू नये. त्या काळी फोटो काढायला माणसे स्टुडिओत जात आणि जाताना ठेवणीतले कपडे घालत. त्यामुळे फोटोत दिसणारी नथ आणि शालू रोजच्या चुलीपुढे नसत. रोजच्या कापडाचा सर्वांत प्रामाणिक पुरावा मला जुन्या गोधड्यांत सापडला आहे. उसवलेल्या गोधडीच्या आतल्या थरांत विटलेल्या लुगड्यांचे तुकडे असतात आणि त्यांवरून विणीची जाडी, काठाची रुंदी आणि रंग कसा उतरत गेला, हे हाताने चाचपून पाहता येते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालयही अवश्य पाहावे. त्याचबरोबर, आजूबाजूला ऐंशी-नव्वदीतल्या आजी असतील तर त्यांच्याशी बोलण्यासाठी एक अख्खी दुपार राखून ठेवावी.

एकाच घरात एकाच वेळी चार पिढ्यांचे कपडे असतात, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विधवा आजीच्या अंगावर आलवण, म्हणजे विधवांचे तांबडे लुगडे, आणि डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, सासू नऊवारी लुगड्यात आणि पुढे गाठ मारायच्या चोळीत, शहरात शिकून आलेली सून गोल नेसलेल्या पाचवारी पातळात, आणि नात परकर-पोलक्यात. सगळ्या बायकांना सरसकट नऊवारी नेसवली की हा सारा संघर्ष, जो बहुधा आपल्या कथेचाही विषय असतो, पुसून जातो. पुरुषांतही वडिलांचे धोतर, उपरणे आणि पगडी यांच्याशेजारी मुलाची गांधी टोपी दिसली की घरातले राजकारण वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय हा काळ महायुद्धाचा आहे. कापडाची टंचाई इतकी होती की १९४३ साली सरकारने सुती कापड आणि सुतावर नियंत्रण आणले. म्हणून प्रत्येक पात्राला मोजकेच कपडे द्यावेत, तेच पुन्हा पुन्हा दाखवावेत आणि ठिगळे व रफू लपवू नयेत.

कापड सुतीच घ्यावे. पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ साली लागला आणि आपल्याकडच्या घरांत टेरिलिन, म्हणजे पॉलिएस्टरचे कापड, पोहोचायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. कृत्रिम धाग्याची चमक आणि पडण्याची तऱ्हा कॅमेरा लगेच पकडतो.

आता नऊवारीविषयी. माझ्या सुरुवातीच्या एका लघुपटात वेळ वाचावा म्हणून मी शिवलेली नऊवारी वापरली होती. नायिका चुलीपुढे बसली, उठली, पाणी भरायला वाकली, तरी तिचा काष्टा तसूभर हलला नाही, आणि पडद्यावर ती त्या घरातली वाटलीच नाही. तेव्हापासून लुगडे नेसवायलाच हवे, हा नियम मी मोडलेला नाही. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड असते. आत परकर घालू नये. एक टोक कमरेभोवती आणून पोटाशी घट्ट गाठ मारावी, कारण सगळे नेसणे या गाठीवर उभे असते. उरलेले लुगडे पाठीमागून पूर्ण फेर देऊन पुढे आणावे, दुसऱ्या टोकाकडून पदराची लांबी मोजून तो खांद्यावरून घ्यावा आणि मधल्या कापडाच्या निऱ्या करून त्या गाठीजवळ खोचाव्यात. मग निऱ्यांचा खालचा मधला भाग पायांमधून मागे न्यावा आणि काठ सरळ राखत पाठीशी कमरेच्या मध्यावर कासोटा खोचावा. एवढे झाल्यावर अभिनेत्रीला उकिडवे बसायला, केर काढायला आणि दोन जिने चढायला सांगावे. जिथे सुटेल तिथे सेफ्टीपिन न लावता पुन्हा नेसवावे. चित्रीकरणापूर्वी आठवडाभर तालमीत रोज लुगडे नेसवले, तर पदर सावरण्याची लकब तिच्या हातात आपोआप येते.

कपाळावर टिकली लावू नये. आधी बोटाने मेण लावून त्यावर कुंकू दाबावे. असे कुंकू दुपारच्या प्रसंगापर्यंत कडेला किंचित फुटते, आणि ते तसेच राहू द्यावे.

कोरे पांढरे कापड कॅमेऱ्यासमोर डोळ्यांत खुपते आणि चेहऱ्यावरून लक्ष उडवते, म्हणून धोतरे, पैरणी आणि टोप्या चहाच्या पाण्यातून काढाव्यात. आधी कापड दोनदा धुऊन त्यातली खळ पूर्ण घालवावी, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. मोठ्या पातेल्यात पाच लिटर पाण्याला आठ-दहा चमचे चहा पावडर घालून दहा मिनिटे उकळावे, गाळावे, आणि ओले केलेले कापड त्यात सतत हलवत दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. ओले असताना रंग गडद दिसतो. म्हणून एक चिंधी आधी बुडवून, वाळवून पाहावी आणि मगच धोतराला हात लावावा. त्यानंतर झीज. कोपर, गळपट्टी, खिशाची कड आणि बसण्याची जागा बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासावी, कोटाच्या खिशांत खडे घालून तो दोन दिवस दमट अवस्थेत टांगून ठेवावा, आणि शेतावर जाणाऱ्याच्या धोतराच्या खालच्या काठाला त्या गावच्याच मातीचे पाणी लावावे. झीज नेहमी कामाच्या दिशेने होते: लिहिणाऱ्याची उजवी बाही झिजते, तर ओझे वाहणाऱ्याचा खांदा.

चित्रीकरणाच्या दिवशी प्रत्येक शॉट संपताच पात्राचा पुढून, मागून आणि पदराच्या बाजूने फोटो काढून त्यावर प्रसंगाचा क्रमांक टाकावा, कारण प्रसंग उलटसुलट क्रमाने घेतले जातात आणि सकाळी डाव्या हातात असलेल्या चार बांगड्या संध्याकाळी तीन होतात. रक्त, चिखल किंवा पावसाचा प्रसंग असेल तर त्या कपड्याच्या किमान दोन जोड्या हव्यात. फार कडक खळ केलेले कापड माइकजवळ सळसळते. ध्वनी सांभाळणाऱ्याला तालमीतच बोलावून ते ऐकवावे.

कुणाच्या घरातून जुने इरकल किंवा पैठणी मागून आणली असेल, तर ती मशिनमध्ये धुऊ नये, तिला पिन टोचू नये आणि अत्तराचा फवारा तिच्यावर मारू नये. काम संपल्यावर ती सावलीत वाऱ्यावर टाकावी, घडी नेहमीच्या रेषेवर न मोडता दुसरीकडे मोडावी, धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी आणि ज्यांची आहे त्यांच्या हातात स्वतः नेऊन द्यावी.