लशीच्या बातमीवर शेअर घेताय? या चुका टाळा

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्ररात्र वणवण करत होते. त्याच दिवसांत बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स या मुंबईच्या कंपनीचा शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जिथवर वाढू शकतो त्या मर्यादेला, लागत होता. काही आठवड्यांत भाव दुपटीच्या पुढे गेला. पण ही कंपनी ऑक्सिजन बनवतच नव्हती. औद्योगिक वायूंचा धंदा तिने 2019 मध्येच गुंडाळला होता आणि उत्पन्न यायचं ते गुंतवणुकीतून. ऑक्सिजन फक्त पाटीवर उरला होता.

हसण्यासारखं यात काही नाही, अमेरिकेतही हेच झालं. मार्च 2020 मध्ये व्हिडिओ कॉलवाल्या झूम व्हिडिओचा शेअर समजून लोकांनी झूम टेक्नॉलॉजीज नावाच्या भलत्याच कंपनीचे शेअर इतके घेतले की तिथल्या नियामकाला त्यातले व्यवहार थांबवावे लागले.

नाव वाचून खरेदी करणं

आपल्याकडचा मोठा विरोधाभास पुण्यातच होता. कोव्हिशील्ड बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट शेअर बाजारात नोंदलेली नाही. कोव्हॅक्सिनची भारत बायोटेकही नाही. म्हणजे देशातल्या बहुतेकांच्या दंडात ज्या दोन लशी गेल्या, त्या बनवणाऱ्या कंपन्यांचा शेअर तुम्हा-आम्हाला बाजारात घेताच येत नव्हता. मग लोक जवळपासचं काहीतरी शोधू लागले. पूनावाला फिनकॉर्प ही आधीची मॅग्मा फिनकॉर्प. 2021 मध्ये सीरमच्या अदर पूनावाला यांच्या कंपनीने तिच्यात बहुमताचा हिस्सा घेतला आणि नाव बदललं. तिचा धंदा कर्ज देण्याचा, त्यात लशीचा थेंबही नाही. कंपनी चांगली की वाईट हा वेगळा विषय, पण लस म्हणून ती घेण्यात अर्थ नव्हता.

यावर उपाय दहा मिनिटांचा आहे. कंपनीचा वार्षिक अहवाल एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात उत्पन्न कोणत्या विभागातून किती येतं ते पान उघडायचं. ज्या कारणासाठी शेअर घेताय ते कारण त्या पानावर सापडलं नाही, तर तिथेच थांबायचं.

गरज वाढली म्हणजे नफा वाढणार असं धरणं

ही चूक मी स्वतः केली आहे. 2021 च्या पावसाळ्यात चाचणी केंद्रांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. कारण काय, तर आमच्या भागातल्या चाचणी केंद्राबाहेरची रांग. एवढी माणसं रोज येतात म्हटल्यावर कंपनी कमावणारच, असा सरळ हिशेब. ज्या पेपरात मी त्या शेअरबद्दल वाचलं, त्याच पेपरात चाचणीचे दरही छापून यायचे. मार्च 2020 मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीसाठी 4,500 रुपयांची मर्यादा ठरवली होती. महाराष्ट्र सरकारने जूनमध्ये ती 2,200 वर आणली, ऑक्टोबरमध्ये 980, डिसेंबरमध्ये 700, मार्च 2021 अखेर 500 आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात 350. दर उतरले की रुग्णाचा नातेवाईक म्हणून मी सरकारला दुवा देत होतो. भागधारक म्हणून मात्र तोच आकडा मला दिसलाच नाही. पुढे दीड वर्ष तो शेअर लाल रंगात पाहायचं नशिबी आलं.

साथीच्या काळात आरोग्यसेवेचा भाव बाजार ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि ते योग्यच आहे. मे 2020 मध्ये राज्याने खाजगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डला दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. त्याच वेळी गुडघ्यापासून मोतीबिंदूपर्यंतच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, आणि मोठ्या रुग्णालयांचा धंदा तर त्यावरच चालतो. म्हणून खाटा भरलेल्या असूनही पहिल्या लाटेत अनेक रुग्णालयांचे तिमाही निकाल वाईट आले. लशीचंही तेच. केंद्र सरकार कोव्हिशील्ड सुरुवातीला 200 रुपयांना घेत होतं. खाजगी रुग्णालयांसाठीचा 600 चा दर एप्रिल 2022 मध्ये 225 वर आला.

आरोग्य विम्याकडे पाहा. साथीनंतर पॉलिसी घेणाऱ्यांची रीघ लागली, म्हणून विमा कंपन्यांचे शेअर घ्यावेत असा सल्ला गल्लोगल्ली मिळत होता. पण पॉलिसी विकली जाते तसे दावेही येतात. स्टार हेल्थला 2020-21 मध्ये 800 कोटींहून अधिक तोटा झाला, पुढच्या वर्षी 1,000 कोटींच्या वर. डिसेंबर 2021 मध्ये तिचा 900 रुपयांचा शेअर बाजारात उतरला तो इश्यूच्या भावाखालीच.

एका हंगामाची कमाई कायमची समजणं

आंब्याच्या महिन्यातला गल्ला पाहून कुणी फळवाल्याच्या वर्षाचा हिशेब करत नाही. शेअरमध्ये मात्र भलेभले करतात. मॉडर्नाचा शेअर ऑगस्ट 2021 मध्ये 480 डॉलरच्या वर होता. 2025 मध्ये तो 30 डॉलरच्या खाली मिळत होता. मधल्या काळात कंपनीने काही घोटाळा केला नाही, लसही फसली नाही. फक्त लोकांचं लसीकरण होऊन गेलं. फायझरची एकूण विक्री 2022 मध्ये सुमारे 10,000 कोटी डॉलर होती, पुढच्या वर्षी 5,850 कोटी. सीरमने डिसेंबर 2021 मध्येच कोव्हिशील्डचं उत्पादन थांबवलं. सुमारे 10 कोटी डोस मुदत संपून वाया गेल्याचं अदर पूनावाला यांनी नंतर सांगितलं.

यातला सापळा पीईचा आहे. पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा नफा. नफा शिखरावर असतो तेव्हा हा आकडा लहान दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो. अशा वेळी साथीआधीच्या तीन-चार वर्षांच्या सरासरी नफ्याने भागून बघायचं. पाचचा पीई पटकन पन्नास होतो, किंवा आधी नफाच नव्हता असं कळतं. मॉडर्नाने 2020 पर्यंत कुठलंही औषध बाजारात आणलेलं नव्हतं.

बातमीचा फायदा कुणाला, हे न विचारणं

9 नोव्हेंबर 2020 ला फायझर-बायोएनटेकची लस 90 टक्क्यांहून अधिक परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. अमेरिकेत त्या दिवशी विमान कंपन्या आणि क्रूझ कंपन्यांचे शेअर उसळले, झूम व्हिडिओ आपटला. दुसऱ्या दिवशी आपला सेन्सेक्स 680 अंशांनी चढला तो बँकांच्या जोरावर. औषध कंपन्यांचा निर्देशांक निफ्टी फार्मा मात्र घसरला. लस यशस्वी झाल्यावर औषध कंपन्या खाली का? कारण लस म्हणजे साथ संपण्याची चाहूल, आणि साथीच्या आशेवर फार्माचे भाव आधीच फुगले होते. लशीचा मोठा लाभ दुकानं, हॉटेलं, कर्जाचे हप्ते पुन्हा सुरू होण्यात होता.

झायडस म्हणजे तेव्हाच्या कॅडिला हेल्थकेअरचंही उदाहरण आहे. तिच्या झायकोव्ह-डी या लशीला आपत्कालीन मंजुरी मिळाली 20 ऑगस्ट 2021 ला. शेअरचा त्या काळातला उच्चांक त्याआधीच होऊन गेला होता.

मागचा परतावा पाहून फार्मा फंडात शिरणं, मग वैतागून निघणं

निफ्टी फार्मा 2020 मध्ये सुमारे 60 टक्के वाढला. हा आकडा जाहिरातींत झळकला आणि 2021 मध्ये लोकांनी फार्मा फंडांत दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणाऱ्या एसआयपी चालू केल्या. 2021 मध्ये मिळाले सुमारे 10 टक्के, 2022 मध्ये निर्देशांक सुमारे 11 टक्के पडला. कंटाळून बरेच जण बाहेर पडले. मग 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी 30 टक्क्यांहून अधिक वाढ, तीही साथीशी काही संबंध नसताना. 2020 ची ती उसळी काही अंशी जुनी भरपाई होती, हेही कुणी सांगितलं नाही. अमेरिकेतल्या जेनेरिक, म्हणजे पेटंट संपलेल्या, औषधांचे पडलेले भाव आणि तिथल्या औषध प्रशासनाच्या कारखाना-तपासण्या, या दोन कारणांनी 2015 नंतर पाच वर्षं हे क्षेत्र मार खात होतं.

फार्मासारख्या एकाच क्षेत्राच्या फंडाला किमान 80 टक्के पैसे त्याच क्षेत्रात ठेवावे लागतात. फंड व्यवस्थापक कितीही हुशार असला तरी क्षेत्र पडताना तो पळून जाऊ शकत नाही. शिवाय तुमच्याकडे निफ्टीचा साधा इंडेक्स फंड असेल तर सन फार्मा, सिप्ला वगैरे त्यात आहेतच.

आधीच अडकला असाल तर

फक्त खरेदीच्या भावाची सरासरी खाली आणायची म्हणून आणखी घेऊ नका. आज हातात रोकड असती तर हाच शेअर याच भावाला घेतला असता का, याचं उत्तर कागदावर लिहा. उत्तर नाही असेल आणि तोटा असेल, तर विकून कर वाचवण्यासाठी त्या तोट्याचा थोडा तरी उपयोग करून घ्या. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा अल्प आणि दीर्घ मुदतीच्या दोन्ही नफ्यांतून वजा होतो, दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. प्राप्तिकराचं विवरणपत्र वेळेत भरलं तर न वापरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. मी उशीर केला आणि एका वर्षाचा तोटा पुढे नेण्याची संधी घालवली.

6 जानेवारी 2025 ला बंगळुरूत एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचे रुग्ण सापडल्याची बातमी आली. सेन्सेक्स 1,258 अंशांनी पडला, अर्थात इतरही कारणं होती. विषाणू 2001 पासून माहीत असलेला. संध्याकाळी पुतण्याचा मेसेज: "काका, आता कुठला फार्मा घेऊ?" मी विचारलं, आईच्या आरोग्य विम्याचं नूतनीकरण केलंस का. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, "कधी होतं ते?"