उन्हाळ्याआधी रेडिएटरचं पाणी बदलताना

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, मार्चमध्येच बदलून घ्या. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी काम काढलेलं बरं.

रेडिएटरच्या खालचा ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) सोडा, खाली पसरट टब ठेवा. जुनं कूलंट गटारीत किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

भरताना बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो ना, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. प्रकार गाडीच्या पुस्तिकेत असतो तोच घ्या.

हळूहळू ओता, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा, म्हणजे अडकलेली हवा निघते. रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबला की इंजिन बंद करा. पूर्ण थंड झाल्यावर कूलंटच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, ते बघा.