मिश्र प्रेक्षकांसमोर स्टँड-अप: हशा ओळखताना या चुका टाळा

पुण्यात टाळ्या घेणारा जोक बेंगळुरूत पडला की कॉमिक दोनपैकी एक गोष्ट ठरवून टाकतो: पब्लिक थंड होतं, नाहीतर जोकच टाकाऊ होता. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. जोक पडण्याची कारणं प्रेक्षकांतून ऐकू येत असतात. मात्र हशा किती मोठा होता एवढ्यावर न थांबता तो कुणाकडून आणि कधी आला हे ऐकावं लागतं. आपल्या घरातली गोष्ट वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या रीतीच्या माणसाला सांगून हसवायचं असेल, तर हे ऐकणं लिहिण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

दुसरा हशा कापू नका

मिश्र रूममध्ये, म्हणजे वेगवेगळ्या भाषांचे लोक एकत्र बसलेल्या प्रेक्षकांत, हशा दोनदा येतो. संदर्भ माहीत असलेले लगेच हसतात. मग सेकंद-दोन सेकंदांनी एक बारीक लाट येते, कारण तेवढ्या वेळात कुणीतरी शेजारच्याच्या कानात अर्थ सांगितलेला असतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांत हे हमखास होतं. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. म्हणजे तिथे आता तीन पिढ्या एका रांगेत बसतात. सुट्टीवर आलेली आजी, मराठी समजणारा पण बोलायला कचरणारा नातू आणि मराठी अजिबात न येणारी नातसून. पंच, म्हणजे जिथे हसू यायचं ते वाक्य, एकच, पण तिघांपर्यंत तो तीन वेगवेगळ्या वेळी पोचतो.

नवा कॉमिक पहिला हशा ओसरायला लागला की पुढचा सेटअप, म्हणजे पंचच्या आधीची मांडणी, सुरू करतो. त्याच क्षणी ज्यांना आधीचा अर्थ सांगितला जात असतो, त्यांचा नवा सेटअप हुकतो. सेटअप हुकला म्हणून पुढचा पंच हुकतो, आणि असं सलग तीनदा झालं की त्या खुर्च्यांमध्ये मोबाइलचे पडदे उजळायला लागतात. स्टेजवरून वाटतं, इंग्रजी बोलणाऱ्यांना आपला विनोद आवडत नाही. खरं तर त्यांना तो मिळालेलाच नसतो.

उपाय साधा आहे. हशा अर्ध्यावर आला तरी बोलू नका. पाण्याचा घोट घ्या, माइकचा स्टँड बाजूला करा, दोन सेकंद जाऊ द्या. त्यानंतर नवा विषय काढण्याऐवजी त्याच जोकचा टॅग, म्हणजे पंचला जोडलेला छोटासा जादा पंच, टाका. टॅगमध्ये नवी माहिती नसते, त्यामुळे तो कुणाचा चुकला तरी पुढचं काही अडत नाही.

ही दुसरी लाट रेकॉर्डिंगमध्ये शोधायची तर फोन स्टेजवर ठेवून भागत नाही, कारण तिथे फक्त पहिल्या दोन रांगा ऐकू येतात. एक फोन स्टेजजवळ आणि एक शेवटच्या रांगेत ठेवा. घरी ऐकताना प्रत्येक जोकला ० ते ३ गुण द्या: शांतता, तुरळक, अर्धी रूम, पूर्ण रूम. गुणांच्या शेजारी दुसरी लाट आली की नाही ते लिहा. पाच मिनिटांच्या सेटला (स्टेजवर एका वेळी सादर केलेल्या मजकुराला) हे काम अर्ध्या तासात होतं. निदान तीन वेगवेगळ्या रूममध्ये पडल्याशिवाय जोक काढून टाकू नका.

माहिती पंचच्या आधी द्या, नंतर नाही

एक जोक घेऊ. परदेशात राहणाऱ्या मराठी घरात शेजारीण केक देऊन जाते. आई म्हणते, डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आणि त्यात चिवडा भरून देते. शेजारणीला वाटतं ही भेट आहे, म्हणून ती त्याच डब्यात कुकीज भरून परत पाठवते. आता तीन वर्षं झाली, तो एकच डबा दोन घरांत फिरतोय आणि कुणालाच थांबता येत नाही.

साताऱ्यात किंवा ठाण्यात यातलं ‘डबा रिकामा द्यायचा नसतो’ हे वाक्यही लागत नाही. ‘आईने चिवडा भरला’ म्हटलं की लोक हसतात, कारण ते त्यांच्याच घरात चाललेलं असतं. हाच जोक मिश्र रूममध्ये तसाच टाकला तर निम्म्या लोकांना आईने चिवडा का दिला ते कळत नाही. मग घाबरून कॉमिक पंचनंतर समजावायला लागतो: “ॲक्चुअली आमच्याकडे अशी पद्धत असते...” इथे जोक संपला. समजलेले आधीच हसून झालेत आणि न समजलेल्यांना आता फक्त माहिती मिळतेय.

दुसरी चूक याच्या उलटी. सुरुवातीलाच प्रथेवर अर्धा मिनिट भाषण द्यायचं. त्यात मराठी माणसं कंटाळतात आणि बाकीचे वर्गात बसल्यासारखे होतात.

बसणारी जागा मधली आहे. नियम एकाच वाक्यात, पात्राच्या तोंडून, पंचच्या आधी सांगा. आई डबा हातात घेऊन घाबरून म्हणते, “रिकामा? रिकामा परत देतात का कुणी?” या दहा शब्दांच्या आतल्या वाक्यातून अनोळखी माणसाला नियम कळतो आणि ओळखीच्याला आपली आई दिसते. संदर्भ शक्य तितका वस्तूवर आणा. डबा, चिवडा, केक या गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ‘मध्यमवर्गीय मानसिकता’ उभी राहत नाही.

कुणावर हसले ते तपासा

त्याच डब्याच्या गोष्टीत शेजारीण बावळट दाखवली, तिचा उच्चार वेडावला, तर मराठी बाजूचा हशा कदाचित वाढेलही. पण दुसरी बाजू बंद होईल आणि पुढची दहा मिनिटं उघडणार नाही. दोघीही चांगुलपणाच्या सापळ्यात अडकल्या असं दाखवलं तर सगळी रूम हसते. एकच गोष्ट, फक्त निशाणा हलला.

उच्चारांच्या नकला करणारे बरेच जण कॅनडातल्या भारतीय वंशाच्या कॉमिक रसेल पीटर्सचं उदाहरण देतात. २००४ च्या त्याच्या टीव्ही सेटची क्लिप नंतर इंटरनेटवरून जगभर गेली हे खरं. पण त्यात लोकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो त्याने उभा केलेला स्वतःचा बाप. घरच्या माणसाचा उच्चार काढणं वेगळं आणि पाहुण्याचा काढणं वेगळं. मिश्र रूममध्ये पहिली पाच मिनिटं विनोद स्वतःवर आणि घरावर ठेवावा, मग इतरांकडे वळावं. हा क्रम उलटा केला की तोच मजकूर उद्धट वाटतो.

गोव्यात याची फार बारीक परीक्षा होते. ‘कोकणी म्हणजे मराठीचीच बोली’ हे वाक्य गमतीने टाकलं तरी रूम दुभंगते. तिथे भाषेवरून मोठं आंदोलन झालं आहे. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीचा सरकारी वापर कायम राहिला आणि १९९२ मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत आली. एका बाजूने आलेली टाळी ऐकून कॉमिकला वाटतं जोक बसला. ती टाळी बाजू घेण्याची असते, हशाची नसते. बेळगावात सीमाप्रश्नावर मिळणारी टाळीही याच जातीची.

म्हणून गुण देताना टाळी वेगळी लिहा. हशा नसताना आलेली टाळी म्हणजे लोकांना तुमचं मत पटलं. असे सलग दोन-तीन जोक झाले की सेटचं भाषण होतं, आणि ज्यांना मत पटलेलं नाही ते परत येत नाहीत.

शांतता एकाच प्रकारची नसते

कळलं नाही, तर लोक शेजाऱ्याकडे बघतात. अशा वेळी संदर्भाचं वाक्य वाढवा. आवडलं नाही, तर पाठ खुर्चीला टेकते, हाताची घडी होते. मग निशाणा बदला. हसावं की नाही याची धास्ती असेल, तर लोक आधी इकडेतिकडे बघतात आणि मग ओठ मिटून हसतात. धर्म किंवा जात आली की हे दिसतं. अशा जागी जोक लांबवू नका. मुद्दाम, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तक्रार रूमच्या बाहेरून, क्लिप बघूनही येते. तेव्हा शब्द नेमके निवडा आणि पूर्ण सेटचं रेकॉर्डिंग जपून ठेवा.

चौथी शांतता सगळ्यांत स्वस्तात दुरुस्त होते: ऐकूच आलं नाही. साध्या, संदर्भ न लागणाऱ्या जोकलाही मागच्या रांगा गप्प असतील तर दोष संस्कृतीचा नाही, स्पीकरचा आहे. परकी भाषा किंवा अनोळखी बोली ऐकताना माणसाला शब्द जास्त स्पष्ट लागतात. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असाल तर नेहमीपेक्षा जरा सावकाश बोला, पण शब्द पुणेरी करू नका. ठसका गेला की जोकही जातो. सुरू करण्याआधी रिकाम्या रांगा भरून घ्या, प्रेक्षकांवरचे दिवे मंद करायला सांगा. मंडळाच्या कार्यक्रमात जेवण सुरू असताना उभे राहू नका. संयोजकांशी आधीच बोलून एकतर जेवणाआधीची वेळ घ्या, नाहीतर ताटं उचलल्यानंतरची.

क्लिपच्या सबटायटलमध्ये पंच आधी फोडू नका

डोळा कानापेक्षा पुढे धावतो. सेटअप आणि पंच एकाच सबटायटलमध्ये टाकले तर बघणारा पंच आधीच वाचतो आणि तुम्ही बोलता तेव्हा तो जुना झालेला असतो. पंचचे शब्द वेगळ्या ओळीत, तुमच्या तोंडून निघतील त्याच क्षणी येऊ द्या. ‘चिवडा’चं भाषांतर ‘स्नॅक’ करू नका, चिवडाच राहू द्या. हशाच्या जागी पडदा रिकामा ठेवा. रूममधली दुसरी लाट तिथे ऐकू येते, आणि एकटा बघणाराही तिच्यासोबत हसतो.