जुन्या उत्स्फूर्त पियानोवादनात स्वतःचा सूर शोधताना या चुका टाळा

एका जुन्या कॅसेटवरचे स्वतःचेच वादन ऐकून मी जवळजवळ तीन आठवडे ते ई फ्लॅट मायनरमध्ये बसवत होतो. सहा फ्लॅटची, म्हणजे सहा स्वर अर्धस्वराने उतरवलेली, ती अडचणीची पट्टी आपण विशीत इतक्या सहजपणे हाताळत होतो, याचा मला थोडा अभिमानही वाटू लागला होता. प्रत्यक्षात मूळ वादन साध्या डी मायनरमध्ये होते. कॅसेट प्लेअर सुमारे सहा टक्के जास्त वेगाने फिरत होता आणि वेग तेवढा वाढला की प्रत्येक स्वर जवळपास अर्धस्वराने वर चढतो. मला जे धाडस वाटले होते, तो यंत्रातला बिघाड होता.

जुन्या इम्प्रोव्हायझेशनकडे, म्हणजे उत्स्फूर्त वादनाकडे, परत जाणाऱ्यांच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. जे आपले नाही ते आपण आपले समजतो आणि जे खरोखर आपले आहे ते दोष म्हणून पुसून टाकतो. अशी अकरा ध्वनिमुद्रणे ऐकताना मी केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुका पुढे दिल्या आहेत.

वेग आणि पट्टी न तपासता ऐकणे

कॅसेटची टेप सेकंदाला 4.76 सेंटीमीटर या वेगाने सरकणे अपेक्षित असते. परंतु प्लेअरचा पट्टा सैल झाला किंवा मोटर बिघडली की हा वेग बदलतो, आणि ज्या यंत्रावर मूळ मुद्रण झाले तेही बिनचूक होते याची खात्री नसते. पियानोच्या स्वरावरून वेग ठरवू नये, कारण तो पियानो त्या काळी सुरात होता की नाही हे आज कोण सांगणार? घरगुती मुद्रणात वीजपुरवठ्याची बारीक गुणगुण बहुधा मिसळलेली असते आणि ती मोजपट्टीसारखी वापरता येते. वीज 50 हर्ट्झची असेल आणि ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या आलेखात गुणगुण 53 च्या आसपास दिसत असेल, तर टेप वेगाने फिरते आहे. जिथे वीज 60 हर्ट्झची असते, तिथे त्या आकड्याशी ताडून पाहावे. मात्र आत्ता वाजत असलेल्या प्लेअरची स्वतःची गुणगुणही 50 वर दिसतेच, म्हणून टेप थांबवून आलेख एकदा पाहावा आणि टेप चालू असतानाच जी रेघ उमटते तीच खरी धरावी. वेग दुरुस्त केल्यावर कालावधीही बदलतो: सहा टक्के वेगाने नऊ मिनिटे 26 सेकंदांत संपणारे वादन मुळात दहा मिनिटांचे असते, आणि मला घाईचा वाटलेला मधला भाग त्या दुरुस्तीनंतर अजिबात घाईचा राहिला नाही.

मूळ साधनावरच पुन्हा पुन्हा ऐकणे

आवडलेली जागा ऐकण्यासाठी टेप मागेपुढे करत राहणे टाळावे. प्लेअरचे हेड (टेपला टेकून आवाज वाचणारा भाग) आधी स्वच्छ करावे, कॅसेटच्या वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या जिभा तोडून टाकाव्यात म्हणजे चुकून वर काही मुद्रित होणार नाही, आणि संपूर्ण बाजू एकदाच, न थांबता, संगणकावर 24 बिटच्या वेव्ह फाइलमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये) उतरवून घ्यावी. जुने वादन डिजिटल पियानोच्या फ्लॉपी डिस्कवर असेल तर एकच सूचना पुरेशी आहे. संगणकाने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असे विचारले तर नाही म्हणावे. अनेक जुनी वाद्ये स्वतःच्या निराळ्या पद्धतीने डिस्क लिहीत असत आणि ती डिस्क त्याच वाद्यात नीट उघडण्याची शक्यता असते.

पहिल्याच बैठकीत निकाल देणे

ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते, आणि तिच्यामुळे फाइली कायमच्या पुसल्या जातात. पंधरा मिनिटे ऐकल्यावर डाव्या हाताची कच्ची लय, पेडलमुळे एकमेकांत मिसळलेल्या स्वरांचा चिखल आणि कुणातरी आवडत्या वादकाची उघड नक्कल एवढेच कानावर येते. हे सगळे खरेही असते. पण वादन चांगले होते की वाईट हा प्रश्नच इथे निरुपयोगी आहे. विचारायचा प्रश्न असा, की कोणी सांगितले नसताना, परीक्षेसाठी किंवा श्रोत्यांसाठी नसताना, हा माणूस पुन्हा पुन्हा कुठे जातो आहे. त्यासाठी एक ध्वनिमुद्रण पुरत नाही. निदान पाच-सहा लागतात, आणि त्यांच्या काळात अंतर असेल तर फारच उत्तम.

मी एका वहीत प्रत्येक मुद्रणासाठी चारच गोष्टी टिपल्या: सुरुवात कोणत्या स्वराने झाली, वाक्य कुठे थांबले, शांतता किती वेळ टिकली आणि आवाज सर्वांत मोठा कधी झाला. अकरापैकी आठ मुद्रणांत माझे वाक्य षड्जावर न थांबता रिषभावर थांबत होते. डी मायनरमध्ये डावा हात डी आणि ए धरून असे, उजवा हात खाली उतरत येई, डीपर्यंत पोहोचणार असे वाटे आणि एक घर अलीकडे, ई वर म्हणजे रिषभावर, विसावे. त्या काळी माझ्या शिक्षकांनी याला अर्धवट सोडलेले वाक्य म्हटले होते आणि मी ती खोड प्रयत्नपूर्वक घालवली होती. वही समोर नसती तर ही गोष्ट माझ्या लक्षात आली नसती, कारण सुटे सुटे ऐकताना ती प्रत्येक वेळी चूकच वाटते.

मिडी फाइल ‘नीट’ करणे

जुने वादन मिडी स्वरूपात, म्हणजे ध्वनीऐवजी कोणता स्वर कधी आणि किती जोराने वाजला याच्या नोंदींत, असेल तर ते तालाच्या चौकटीत बसवण्याचा मोह आवरावा. क्वांटाइझ करताना प्रत्येक स्वर जवळच्या ठरावीक क्षणावर ओढला जातो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत, मात्रेचे चार भाग करणारी चौकट निवडली, तर एखादा स्वर 62 मिलिसेकंदांपर्यंत सरकू शकतो. डाव्या हाताच्या स्वरानंतर उजव्या हाताची धून किंचित मागे ठेवण्याची सवय 30 ते 40 मिलिसेकंदांची असेल, तर ती या झाडझुडीत पूर्णपणे निघून जाऊ शकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत मोठमोठे पियानोवादक दोन्ही हात असे मागेपुढे वाजवताना सर्रास ऐकू येतात. पुढच्या पिढ्यांनी तो गबाळेपणा ठरवला. आपल्या वादनात ही लकब असेल तर ती ठेवायची की नाही हे आपण ठरवावे, संगणकाने नव्हे. शिवाय बहुतेक फाइलींमध्ये लय ही वाद्याने आपोआप टाकलेली 120 च असते आणि वादनाशी तिचा काही संबंध नसतो, त्यामुळे अशा फाइलीतून थेट स्वरलिपी काढली तर पानभर निरर्थक जोडरेषा मिळतात.

स्पर्शाचा निवाडाही घाईने करू नये. मिडीमध्ये स्वराचा जोर 127 पर्यंतच्या आकड्यांत साठवलेला असतो, परंतु 70 म्हणजे नेमका किती आवाज हे प्रत्येक वाद्य आपापल्या परीने ठरवते. आजच्या भरदार ध्वनिसंचावर जुनी फाइल ओरडल्यासारखी वाजली, तर त्याचा दोष त्या काळच्या बोटांना देऊ नये.

बोटांच्या सवयीला स्वतःचा सूर समजणे

ही सर्वांत फसवी चूक आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबतो. जे पुन्हा पुन्हा येते ते सगळेच आपले नसते. काही गोष्टी केवळ हाताला सोयीच्या असतात. माझ्या मुद्रणांत उजव्या हाताची एक उतरती लड सतत येत असे आणि ती मला माझी ओळख वाटली होती. मग मी तिची परीक्षा घेतली. तेच वादन एफ शार्प मायनरमध्ये, जिथे बोटांना ओळखीचा रस्ता नाही, अतिशय सावकाश वाजवून पाहिले. लड लगेच मोडली, आणि मोडल्यावर तिची उणीवही भासली नाही. डी मायनरमध्ये अंगठ्यावरून बोट नेण्याची जी सोय होती तिच्यातून ती जन्मली होती. रिषभावरचा थांबा मात्र नव्या पट्टीतही आला, इतकेच नव्हे तर हात अडखळत असतानाही कानाने तो मागितला.

या परीक्षेला आणखी दोन जोड देता येतात. ती जागा आधी गाऊन पाहावी, कारण बोटांनी शिकवलेली गोष्ट गळ्यातून सहसा सहज निघत नाही. नंतर उजव्या हाताचे काम डाव्याला द्यावे. या तिन्हींतून जे उरते ते फार थोडे असते, आणि त्यामुळे निराश होण्याचे कारण नाही. दोन-तीन गोष्टी उरल्या तरी पुष्कळ झाले.

नकलेबद्दलही इथेच सांगतो. ज्या वादकाची आपण नक्कल करत होतो, त्याचे मूळ मुद्रण शेजारी ठेवून ऐकावे आणि आपली नक्कल कुठे चुकली ते पाहावे. जिथे ती दर वेळी एकाच बाजूला कलते, तिथे आपला कान काम करत असतो.

स्वर न् स्वर लिहून काढणे, किंवा काहीच न लिहिणे

अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांच्या 1975 मधील जर्मनीतल्या कोलोनच्या उत्स्फूर्त मैफिलीची स्वरलिपी पुढे प्रसिद्ध झाली, तेव्हा वाजवणाऱ्यांनी अंतिम आधार ध्वनिमुद्रणाचाच घ्यावा अशी त्यांची सूचना होती. आपल्या बाबतीतही संपूर्ण लिप्यंतर हा बहुधा महिनाभराचा कष्टाचा आणि कमी फळाचा उद्योग ठरतो. दुसऱ्या टोकाला, काहीच न लिहिल्यास सापडलेली गोष्ट पुन्हा हरवते. 1747 मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या राजाने दिलेल्या सांगीतिक विषयावर जर्मन संगीतकार बाख यांनी तिथल्या तिथे फ्यूग (एकच विषय अनेक आवाजांत एकामागून एक येणारी रचना) वाजवला. त्याच विषयावरचा सहा आवाजांचा फ्यूग मात्र त्यांनी घरी परतल्यावर कागदावर रचला आणि त्याच वर्षी ती रचनामाला छापून घेतली. सुचणे आणि रचणे यांतले हे अंतर मान्य करावे. मी प्रत्येक मुद्रणातून आठ ते बारा मापांपेक्षा (स्वरलिपीतल्या तालाच्या खंडांपेक्षा) जास्त लिहिले नाही, आणि लिहिलेले कागद पियानोवर उघडे ठेवून त्यांच्यापुढे नव्याने वाजवले.

नव्याने वाजवताना जुन्या वादनाची हुबेहूब प्रत काढणे मात्र टाळावे. तसे केल्यास आपण स्वतःचेच नक्कलाकार होतो. मी सध्या एवढेच करतो: आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे, फोनवर मुद्रण चालू ठेवून, रिषभावर थांबायचे असे न ठरवता वाजवतो आणि फाइलीला तारीख देऊन ती महिनाभर उघडत नाही. गेल्या महिन्यातल्या एका फाइलीत वाक्य ई वर थांबले आहे, पेडल उचललेले ऐकू येते, आणि बऱ्याच वेळाने डाव्या हाताने, अगदी हळू, खालचा डी वाजला आहे.