ख्रिस्ती अंत्यविधीत दहन: अस्थींची जागा आधी, दाहिनी नंतर

घरात कुणी वारले की पहिली धावपळ दाहिनीसाठी होते. ख्रिस्ती कुटुंबाने दहन ठरवले असेल, तर आधी पॅरिशच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) फादरांना किंवा पाळकसाहेबांना फोन करा आणि अस्थी कुठे ठेवायच्या, हे विचारा. आज वाद होतो तो दहनावर कमी, अस्थींवर जास्त.

कारण श्रद्धेतच आहे. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीत, आपण ‘शरीराचे पुनरुत्थान’ म्हणतो, नुसते आत्म्याचे अमरत्व नव्हे. मग जळालेले शरीर उठणार कसे, असे घरातली वडीलधारी माणसे विचारतात. त्यांना बायबलमधला १ करिंथकर, अध्याय १५ वाचून दाखवा: पेरतो तो नुसता दाणा, उगवते ते देवाने दिलेले अंग. इ. स. १७७ मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख रोन नदीत टाकली गेली, ती त्यांची पुनरुत्थानाची आशा मोडावी म्हणूनच. चर्चने त्यांना गमावलेले मानले नाही. मातीत शरीराची मातीच होते. आग तेच काम तासा-दोन तासांत करते.

रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, १८८६ मध्ये दहनाला मनाई केली, कारण तेव्हा पुनरुत्थान नाकारण्यासाठी मुद्दाम दहनाचा प्रचार होत होता. १९६३ मध्ये ती मनाई उठली. आजही कॅथलिक चर्चची पसंती दफनालाच आहे. श्रद्धा नाकारण्यासाठी निवडलेले दहन मात्र चालत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सगळीकडे एकच नियम नाही, म्हणून पास्टोरेट कमिटीला (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीला) विचारून घ्या. ऑर्थोडॉक्स परंपरेत सहसा दहन करत नाहीत.

क्रम शक्यतो असा ठेवा: देह चर्चमध्ये, मिस्सा (कॅथलिकांचा प्रार्थनाविधी) किंवा उपासना, मग दाहिनी, शेवटी अस्थींचे दफन. दहन आधी उरकून मग मिस्सा मागितली, तर अस्थिकलश वेदीसमोर ठेवता येईल का, हा परवानगीचा प्रश्न होतो.

पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत विद्युत आणि गॅस दाहिन्या आहेत. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, मृताचे आणि अर्जदाराचे ओळखपत्र आणि महापालिकेचा पास बरोबर असू द्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. पेसमेकर असेल तर तो रुग्णालयातच काढून घ्या. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते आणि दाहिनीचे नुकसान होते.

शवपेटीवरून ऐन वेळी घोळ होतो. आपल्याकडच्या दाहिनीत सहसा पेटीसकट देह घेत नाहीत. खिळे, कड्या, पॉलिश आणि आतला फोम तिथे नको असतो. म्हणून चर्चपुरती पेटी भाड्याने मिळते का पाहा, आणि देह आतल्या सुती चादरीसकट अलगद उचलता येईल असा ठेवा. नायलॉनचे कपडे, चामडी बूट, प्लास्टिकची फुले टाळा. हातातली रोझरी (जपमाळ) आणि धातूचा क्रूस निघण्यापूर्वी काढून घ्या. नंतर ते कुणी काढायचे यावरून दाहिनीसमोर खोळंबा होतो, आणि तो फार वाईट दिसतो.

प्रौढ माणसाच्या अस्थी साधारण २ ते ३ किलो भरतात. इथे त्या सहसा दळून मिळत नाहीत, तुकडे मोठे असतात; म्हणून साडेतीन-चार लिटरचा, रुंद तोंडाचा, झाकणाचा कलश घ्या. पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. सगळ्याच अस्थी हव्यात, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना आधीच सांगा, नाहीतर ओंजळभरच हाती येतात.

इथेच हिंदू नातलगांचा आग्रह सुरू होतो: थोड्या आळंदीला, थोड्या संगमावर. कॅथलिकांसाठी रोमचा २०१६ चा नियम स्पष्ट आहे. अस्थी विसर्जित करायच्या नाहीत, वाटून घ्यायच्या नाहीत, घरी शोकेसमध्ये ठेवायच्या नाहीत, लॉकेटात घालायच्या नाहीत; त्या दफनभूमीत किंवा चर्चने राखलेल्या जागी ठेवायच्या. शरीर उठणार अशी श्रद्धा असेल, तर त्याचे अवशेष नाव लिहिलेल्या जागी, मंडळीच्या प्रार्थनेत राहावेत, हा त्यामागचा विचार. २०२३ मध्ये थोडी सवलत मिळाली: बाकीच्या अस्थी पवित्र जागी असतील, तर अगदी थोडा अंश मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी जपण्याची विनंती चर्चच्या अधिकाऱ्यांकडे करता येते. ही सवलत जपण्यासाठी आहे, विसर्जनासाठी नव्हे.

दफनभूमीत कुटुंबाची कबर असेल, तर कलश तिथेच पुरता येतो. कबर कुणाच्या नावावर आहे आणि ती उघडायला लेखी संमती कुणाची लागते, हे दहनाआधीच तपासा. कबर नसेल तर कलश ठेवायचा कोनाडा मिळेल का आणि किती वर्षांसाठी, हे लेखी घ्या. दफनाच्या दिवशी फादर किंवा पाळक हजर राहतील अशी वेळ ठरवा; तोवर कलश कुठे ठेवायचा, हेही त्यांनाच विचारा.